यंत्र आणि उत्पादन अभियांत्रिकीतील संशोधनाच्या वाटा

यंत्र अभियांत्रिकीतील पदव्युत्तर संशोधनाची वाट बहुतेकदा गेट परीक्षेतून जाते. तिचे गुण ३ वर्षे ग्राह्य असतात. यंत्र आणि उत्पादन अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात. एम.टेक. साधारण २ वर्षांचे, त्यातले दुसरे मुख्यतः प्रबंधाचे. पीएच.डी.ला त्याहून बराच अधिक काळ लागतो, पण संशोधकाचा खरा कस तिथेच लागतो. संशोधनाच्या विषयांचे उदाहरण म्हणून टायटॅनियमच्या कर्तनाचेच पाहावे. हा धातू उष्णता सहज वाहून नेत नाही. ती हत्याराच्या धारेपाशीच साठते आणि धार झपाट्याने झिजते. विमानाच्या इंजिनाचे अनेक भाग याच धातूचे असतात. त्यामुळे शीतक, हत्यारावरचे लेप, कापण्याचा वेग या प्रत्येकावर संशोधनाला भरपूर वाव आहे. धातूची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून भाग घडवणे, हे आणखी एक क्षेत्र. मुंबईच्या आयआयटीत यंत्र अभियांत्रिकी विभागातच उत्पादनविषयक संशोधन चालते.