आयर्विनला किती फूट?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला विषय दिला होता, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." मी माझा विषय सांगितल्यावर पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "अगं, अठ्ठावीस वर्षांनी सगळे भेटतायत. आनंदाच्या दिवशी डिप्रेशन, आत्महत्या हे कशाला?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तरी त्यानं मला वीस मिनिटं दिली, कारण मी त्याला सांगितलं की हे मी पुस्तकातून काढलेलं नाही. २०२१ साली मी स्वतः यातून गेले आहे.

वर्गातल्या एकीला सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यात तुमची काही चूक नाही. त्या सगळ्या काळात मी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज हजर होते. परवा मुद्दाम जुने मेसेज चाळले. ऑगस्टमधल्या एका रात्री कुणाच्या तरी विनोदावर मी तीन हसरे चेहरे टाकले आहेत. त्या रात्री मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून होते आणि आपण नसलो तर घरच्यांचं ओझं कमी होईल, असा हिशेब मांडत होते. तो हिशेब मला अगदी बिनचूक वाटत होता. या आजाराची हीच गंमत आहे, म्हणजे गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण तुम्हाला कळलं. डोकं चालू असतं, नोकरी चालू असते, मीटिंगमध्ये आपण मुद्देसूद बोलतो, आणि आत गणितच चुकलेलं असतं.

सुरुवात झोपेपासून झाली. पहाटे तीनला टक्क जाग यायची. मग जेवणाची चव गेली. कोडची एकच ओळ दहा वेळा वाचूनही डोक्यात शिरायची नाही. पाठ दुखायची, छातीत जळजळायचं. मी पोटाच्या डॉक्टरांकडे गेले, हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, रक्त तपासलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आणि मी मिरजेची मुलगी! लहानपणी स्टेशनवरून शाळेत येताना वाटेत विजापूर, बेळगावकडची माणसं थांबवून कानडीत दवाखाना विचारायची आणि आपण हातानं दिशा दाखवायचो. हाडाचा डॉक्टर इकडे, हृदयाचा तिकडे, मिशन हॉस्पिटल सरळ. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना काढला तेव्हापासून अर्धा कर्नाटक आपल्याकडे बरा व्हायला येतो. पण मनाचा डॉक्टर कुठे बसतो, हे मला त्या वयात कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, आणि चाळिशीत स्वतःसाठीही ते सुचलं नाही.

घरात कुणी वाईट नव्हतं. नवरा म्हणाला, "तुला कमी काय आहे?" त्याला खरंच कळत नव्हतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. पुढे निदान झाल्यावर आई म्हणाली, "कुणी विचारलं तर थायरॉइड आहे म्हण." आज हे सांगण्याआधी मी तिला फोन करून विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "सांग. आता काय. पण थायरॉइडची आयडिया वाईट नव्हती."

आईला मी दोष देत नाही, कारण तिची पिढी काय बघत आली हे मला आठवतं. आपण नववीत असताना आमच्या गल्लीतले एक काका गेले. मोठी माणसं म्हणाली, पोटाचा विकार. आम्हा पोरांना खरं काय ते कळलं होतं, पण बोलायचं नाही हेही कळलं होतं. त्यांचा मुलगा पंधरा दिवसांनी शाळेत आला, तेव्हा आपल्यापैकी कुणीही त्याच्याशी त्या विषयावर एक शब्द बोललं नाही. मीसुद्धा नाही.

या गप्प बसण्यामागे फक्त लाज नव्हती, कायदाही होता. १८६० च्या दंड संहितेतल्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे जो माणूस वाचला त्याच्यावर खटला. मग घरचे दवाखान्यात 'चुकून झालं' असं लिहून घ्यायचे, आणि चुकून झालं म्हटल्यावर मनाचे उपचार कोण करणार? १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. खटला एका पोलीस कॉन्स्टेबलचा होता. अपघातात डोक्याला मार लागून त्याचं मानसिक स्वास्थ्य बिघडलं होतं. पण १९९६ मध्ये, आपली दहावी झाली त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयानं ते कलम वैध ठरवलं. शेवटी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, २०१८ पासून लागू झाला. तो सांगतो की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत तर ते जुनं सरसकट कलम नाहीच. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी कुणी तसा प्रयत्न केला तर तेवढाच भाग ठेवला आहे. हे मी इतकं सविस्तर सांगते आहे कारण आपल्यापैकी अनेकांना अजून वाटतं की दवाखान्यात खरं सांगितलं तर पोलीस केस होईल. खरं सांगा. उपचार खरं सांगितल्यावरच होतात.

आता त्या एकीबद्दल. आपलं नाव सांगायचं नाही अशी तिची ताकीद आहे, आणि ती आत्ता इथेच बसली आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तिनं मला साताऱ्याहून फोन केला, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल विचारायला. दोन मिनिटांत म्हणाली, "तुझा आवाज असा का येतोय?" मी नेहमीसारखं 'कामाचा लोड' म्हटलं. ती थोडा वेळ थांबली आणि तिनं सरळ विचारलं, "स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का गं?"

मला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. तीन डॉक्टरांनी नाही, नवऱ्यानं नाही. मी "हो" म्हणाले. तो "हो" मोठ्यानं ऐकल्यावर मलाच धक्का बसला, आणि छातीवरचा दगड कुणीतरी चार बोटं उचलावा तसंही झालं.

तिनं मग काय केलं हे सांगते, कारण भाषणातला कामाचा भाग तोच आहे. तिनं उपदेश केला नाही. 'मुलांकडे बघ' म्हणाली नाही. मुलांकडे बघूनच तर तो हिशेब झाला होता. आत्ता घरात कोण आहे, विचारलं. नवऱ्याला फोन द्यायला लावला आणि आज रात्री हिला एकटी सोडू नका, औषधांचा डबा कपाटात कुलपात ठेवा, असं त्याला स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती पुण्याला आली, भडंगाचं पाकीट घेऊन. मानसोपचारतज्ज्ञांच्या वेटिंग रूममध्ये माझ्याशेजारी दीड तास बसली. आम्ही दोघींनी तिथं बसून भडंग संपवला. बहुधा त्या दवाखान्यात आधी असं कुणी केलं नसावं.

तिला नंतर विचारलं, असं तोंडावर विचारायला भीती नाही वाटली? आपण विचारल्यामुळे माझ्या डोक्यात ते आलं असतं तर? ती म्हणाली, "वाटली. पण न विचारण्याची जास्त वाटली." मी पुढे यावर वाचलं. विचारल्यानं तो विचार माणसाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यानं माणसाला बोलता येतं. 'जो बोलतो तो करत नाही' हीसुद्धा तशीच खोटी समजूत.

पावसाळ्यात आपल्या भागात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न काय असतो? 'आयर्विनला किती फूट?' ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. कोयनेतून विसर्ग किती सोडला ते आपण पुण्यामुंबईत बसून विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आपला ग्रुप रात्रभर जागा होता; कुणाचे आईवडील कृष्णा घाटाकडे अडकलेत, कुणाची होडी मिळेल. विचारल्यामुळे पूर येतो असं आपल्यातल्या कुणालाही कधी वाटलं नाही.

माणसाच्या मनाला अशी फूटपट्टी आहे. अगदी अचूक नाही, पण आहे. नऊ प्रश्नांचा एक कागद डॉक्टर जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, कशात रस वाटत होता का, थकवा, भूक, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, लक्ष लागणं असे साधे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहाच्या वर गेलं की डॉक्टरांना भेटायचं. आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथं शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता भेटायचं. माझे १९ आले होते. सर, तुमच्या हातून मला गणितात कधी ७० टक्के मिळाले नव्हते, इथं मिळाले.

औषधं सुरू झाली. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, आणि इथंच बरेच लोक सोडून देतात. चौथ्या आठवड्यात एक दिवस मी आमटीला फोडणी दिली आणि मला वास आला. इतकंच. पण मला तो आला. सोबत समुपदेशन दहा महिने. गोळ्यांची सवय लागेल म्हणून मी आधी घाबरले होते. तसं झालं नाही. डॉक्टरांनी हळूहळू कमी करत त्या बंद केल्या. त्या आपल्या मनानं मात्र एकदम थांबवायच्या नाहीत.

शहरात, पगार असताना, मैत्रीण असताना मला इतके दिवस लागले. खेड्यात काय होत असेल? याचं एक उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मिळालं. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात तिथं 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेचे लोक त्यात होते. मला आवडलं ते हे की नावात त्यांनी नैराश्य नाही, ताण हा शब्द घेतला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी बैठका घेतल्या, ताण असलेल्या माणसाशी बोलायचं कसं ते लोकांना दाखवलं, आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत नेलं. दीड वर्षानंतर मोजलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते, ते सत्तावीस झाले. मनात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात छापून आलं आहे. तिथं नवं हॉस्पिटल बांधलं नव्हतं. जास्त करून लोकांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली होती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ माणसं अशी गेली, देशात सगळ्यात जास्त. देशभरात दहातले सात पुरुष असतात. म्हणून मागच्या रांगेतल्या मुलांनो (पन्नाशी जवळ आली तरी मुलंच), हे तुमच्यासाठी. तुम्ही एकमेकांना कर्ज, धंदा, गुडघे, साखर सगळं विचारता. तासगावकडे ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांना मी जास्तीचं एक सांगते. फवारणीची औषधं घरात, हाताशी ठेवू नका, कुलपात ठेवा. ती लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढा वेळ मिळाला तर माणूस वाचतो. श्रीलंकेनं सर्वात विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ ७० टक्क्यांनी खाली आलं.

बाई, तुमच्यापैकी काही अजून शिकवता. बारावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी एखाद्या मुलाला फोन करून तुम्ही विचारलंत, तर त्याला तो फोन माझ्यासारखाच लक्षात राहील.

१४४१६ हा नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. 'टेलिमानस', सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी नको वाटत असेल तर दुसऱ्या कुणासाठी म्हणून घाला.

मागच्या टेबलावर, नावनोंदणीच्या वहीशेजारी, नऊ प्रश्नांचे कागद ठेवले आहेत. नाव लिहायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, घरी नेऊन भरा. आणि गल्लीतल्या त्या काकांच्या मुलाशी मी गेल्या महिन्यात बोललो, हे सांगायचं राहिलं. तो आपल्या मेळाव्याला येऊ शकला नाही, पण फोनवर आम्ही पाऊण तास बोललो. त्याचे वडील कसे होते, ते तासन्तास रेडिओ कसा दुरुस्त करत बसायचे, ते त्यानं सांगितलं. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाला, "राहू दे ती माफी. पुढच्या वेळी मिरजेला आलीस की घरी ये."

जेवणाची वेळ झाली आहे. मी त्या टेबलापाशीच आहे, आणि भडंग आणला आहे.