फलकावरचा आकडा

सरकारने दिलेला पैसा शाळेपर्यंत पोहोचतो का? युगांडात १९९१ ते १९९५ या काळातल्या अनुदानाचा माग काढला गेला, तेव्हा विद्यार्थीसंख्येनुसार द्यायच्या १०० शिलिंगांपैकी सरासरी जेमतेम १३ शाळेच्या हाती पडत होते! बाकीचे जिल्हा पातळीवरच जिरत. मग सरकार जिल्ह्यांना दिलेल्या रकमा वर्तमानपत्रांत छापू लागलं, शाळेच्या फलकावरही आलेल्या पैशांचा आकडा लागला. आपल्या हक्काचे किती, हे कळलं की पालक जाब विचारू शकतात. २००१पर्यंत ८० टक्क्यांहून अधिक रक्कम पोहोचू लागली. सगळं श्रेय छापील आकड्यांचं नाही. अनुदानाची व्यवस्थाही बदलली होती. पैसा पोहोचला तरी लोकांना सेवा कशी मिळते, हेही पाहावं लागतं. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेने २०१० साली राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीत मूल्यमापनाचा स्वतंत्र विभाग उभारला. त्याचे अधिकारी दवाखान्यांत न कळवता जाऊन रुग्णांशी बोलत.