रक्तदाबाचा वारसा



सावरगावात आणि जाम नदीपलीकडच्या पांढुर्ण्यात आपली मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. शेत, संत्र्याची बाग, देव्हाऱ्यातले टाक असे बरेच काही मुलाबाळांकडे येते. त्याच यादीत आपण एक दुखणेही घालतो : ‘आजोबांना बीपी होते, बाबांना आहे, मलाही होणारच.’ या वाक्याचा पहिला भाग पटण्यासारखा आहे. शेवटच्या ‘होणारच’शी मात्र माझे भांडण आहे.

हा वारसा शरीरात राहतो कुठे? आपण हृदयाकडे बोट दाखवतो. अमेरिकेतील लुईस डाल यांनी मिठाने रक्तदाब वाढणारे आणि न वाढणारे असे उंदरांचे दोन वंश तयार केले. १९७४ साली त्यांनी दाखवले, की एका वंशाचे मूत्रपिंड दुसऱ्यात बसवले, तर रक्तदाब मूत्रपिंडाच्या मागोमाग जातो. १९८३ साली माणसांतही तसाच अनुभव आला. रक्तदाबाने मूत्रपिंडे निकामी झालेल्या सहा रुग्णांना निरोगी रक्तदाबाच्या दात्यांची मूत्रपिंडे मिळाली आणि त्यांचा रक्तदाब उतरला.

असे का व्हावे? एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात, जादा मीठ बाहेर टाकतात. तुमच्या बागेतले ठिबक आठवा. क्षार बसून निम्मे ड्रिपर बुजले, तर तेवढेच पाणी द्यायला मोटारीचा दाब वाढवावा लागतो. आणि वाढलेला दाब उरलेल्या नळ्यांच्या जिवावर उठतो. काही घराण्यांतील मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकण्यासाठी असाच जादा दाब मागतात.

या गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात. जन्मानंतर नव्या होत नाहीत. कमी वजनाच्या बाळात त्या कमी असण्याचा संभव असतो. जर्मनीत अपघातात दगावलेल्यांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. रक्तदाब असलेल्या दहा जणांत गाळण्या इतरांच्या साधारण निम्म्याच आढळल्या. म्हणून गरोदर सुनेच्या ताटाकडे लक्ष देणे हीसुद्धा नातवाच्या रक्तदाबाचीच काळजी आहे.

आणि रक्ताबरोबर स्वयंपाकघरही वारशाने येते. लोणचे, पापड, कुरडया, ठेचा यांतले मीठ आपण मोजतच नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सैंधव झाले तरी ते मीठच.

तेव्हा घरात कुणाला रक्तदाब असेल, तर डोके दुखायची वाट पाहू नका. बहुतेकांना काही जाणवतच नाही. वर्षातून एकदा मोजा. आकडा वारंवार १४०/९० किंवा त्यावर आला, तर डॉक्टरांकडे जा, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका. अंगदुखीच्या गोळ्या मनाने खाऊ नका. त्या मूत्रपिंडाला बाधतात.

शेताच्या खसऱ्याची नक्कल तुम्ही जपून ठेवता. तिच्याच शेजारी एक वही ठेवा. घरातल्या प्रत्येकाचा रक्तदाब, तारखेसह, तिच्यात लिहा. ती मुलांच्या हाती दिलीत, तर ‘होणारच’ असे म्हणण्याआधी त्यांना काही करता येईल.