बंदरातील काही तास
(विद्यालयाच्या हीरक महोत्सवानिमित्त चेन्नई येथे झालेल्या भाषणाचा पाठ)



मराठी कुटुंबांत अलीकडे जलपर्यटनाची हौस वाढली आहे. २०२३ च्या जून महिन्यात चेन्नई बंदरातून ‘एम्प्रेस’ हे प्रवासी जहाज श्रीलंकेच्या हंबनतोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसंतुराई या बंदरांच्या सफरीवर निघाले. परदेशी स्थिरावलेली मुले आईवडिलांना एजियन समुद्राची सफर घडवतात. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील कुशादासी हे त्या सफरींतील नेहमीचे बंदर. जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी नांगर उचलते. मधल्या काही तासांत गालिच्यांची दुकाने, जवळच्या एफेसस नगरीचे अवशेष आणि असंख्य छायाचित्रे एवढे सारे उरकायचे असते.

इतक्या अल्प वेळात एखादे गाव कळते काय? पाहणाऱ्याने मनाशी काय बरोबर नेले आहे, यावर ते अवलंबून असते. त्यासाठी एक जवळचे उदाहरण पाहू.

चेन्नईहून दक्षिणेस सुमारे २८० किलोमीटरवर तरंगंबाडी हे समुद्रकाठचे गाव आहे. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकांशी करार करून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली आणि डान्सबोर्ग किल्ला बांधला. १७९२ ची नगरवेस आणि किल्ल्याची फिकट पिवळी भिंत आजही उभी आहे. किनाऱ्यावरील मासिलामणिनाथाचे मंदिर चौदाव्या शतकाच्या आरंभीचे. त्याचा पुढचा भाग समुद्राने गिळला. २००४ च्या डिसेंबरातील सुनामीने याच गावावर मोठा आघात केला. तासाभरात हे सारे पाहून होते आणि बहुतेक प्रवासी तेथूनच परततात.

मराठी प्रवाशाने मात्र थोडे अधिक थांबावे. १६७६ नंतर तंजावरची गादी भोसले घराण्याकडे आली आणि या बंदराचा वार्षिक खंड डेन्मार्कचे व्यापारी मराठी राजांच्या खजिन्यात भरू लागले. १७०६ मध्ये बार्थोलोमेयस त्सीगेनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक येथे उतरला, तेव्हा तंजावरास व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे राज्य करीत होते. त्सीगेनबाल्ग तमिळ शिकला. त्याच्या प्रयत्नांनी तरंगंबाडीस छापखाना उभा राहिला आणि १७१५ पर्यंत बायबलच्या नव्या कराराचे तमिळ भाषांतर छापून पुरे झाले.

पुढे १७५० मध्ये क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ याच गावी आला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या बालपणी त्यांच्या शिक्षणाची आणि हक्काची काळजी वाहणारा तो हाच. वारसाच्या तंट्यात राजपुत्राच्या जिवास धोका दिसताच त्याने त्यांना मद्रासेस आणवले. तेथे त्यांचे शिक्षण चालू राहिले. १७९८ मध्ये सरफोजीराजे गादीवर आले. राज्याची खरी सत्ता लवकरच इंग्रजांच्या हाती गेली. राजांजवळ विद्येचे राज्य तेवढे उरले आणि ते त्यांनी मनापासून चालवले. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी अपूर्व वाढ केली. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरवून घेतला. देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये मुलांसाठी ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक छापले. त्यात इसापाच्या गोष्टी मराठीत आहेत.

याच सुमारास, १८०५ मध्ये, विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. श्रीरामपूर हीदेखील डेन्मार्कचीच वसाहत. मराठी मुद्रणाचे हे दोन आरंभ मराठी मुलखाबाहेर झाले. एक डेन्मार्कच्या वसाहतीत झाला. दुसऱ्याचा कर्ता दुसऱ्या डॅनिश बंदरातून आलेल्या गुरूचा शिष्य होता. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी साडेबारा लाख रुपयांस इंग्रजांना विकली. त्यानंतर तरंगंबाडीच्या बंदराचे महत्त्व ओसरले.

आता पुन्हा कुशादासीकडे वळू. त्या किनाऱ्यावरून समोर सामोस बेट दिसते. इसाप हा याच सामोस बेटावर गुलाम होता, असे हिरोडोटसने लिहिले आहे. म्हणजे तंजावरच्या राजाने मराठी मुलांच्या हाती दिलेल्या गोष्टींचे आजोळ तेथे समोर दिसते. हे ठाऊक असलेल्या प्रवाशाला ते बंदर परके कसे वाटेल?

एफेसस हेही एके काळी मोठे बंदर होते. नदीच्या गाळाने ते बुजत गेले आणि आज समुद्र काही किलोमीटर दूर आहे. तरंगंबाडीस समुद्र आत येतो, एफेससला तो सोडून गेला. तेथील सर्वांत देखणी वास्तू म्हणजे दुसऱ्या शतकातील सेल्ससचे ग्रंथालय. त्याची दर्शनी भिंत विसाव्या शतकात पुन्हा उभारली गेली. तिच्यापुढे रोज हजारो लोक छायाचित्रे काढतात. आत मात्र एकही ग्रंथ उरलेला नाही.

तंजावरची स्थिती याच्या उलट आहे. सरस्वती महालात ग्रंथ आहेत, हस्तलिखिते आहेत, मोडी लिपीतील दफ्तरे आहेत. उणीव वाचणाऱ्यांची आहे. तंजावरकडील अनेक घरांत मराठी अजून बोलली जाते. पण शाळेत शिकायला न मिळाल्याने ती लिहिता-वाचता येणारे पिढीगणिक कमी झाले. भाषा घरात जगली, तरी कागदावरून ती निसटू शकते, हे या प्रदेशाने दाखवून दिले आहे.

मराठी माध्यमाच्या शाळेचे मोल येथे कळते. ‘इंग्रजी शाळेत घातले असते, तर बरे झाले असते काय?’ ही शंका पालकांच्या मनात येते आणि ती मुलांच्या काळजीपोटीच येते. तिला रागाने उत्तर देऊ नये. सरफोजीराजे इंग्रजी उत्तम जाणत होते. ते जाणूनच त्यांनी मुलांसाठी मराठी पुस्तक छापले. जगाची भाषा शिकणे आणि आपली भाषा वाचती ठेवणे या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. ‘बालबोध मुक्तावली’ची लिपी या शाळेतील पहिलीचे मूल आज गिरवते. त्या मुलाला पुढे मोडी शिकणे अवघड नाही. काही आठवड्यांच्या सरावाने ती वाचता येऊ लागते.

माजी विद्यार्थ्यांनी जगाची बंदरे अवश्य पाहावीत. जाण्यापूर्वी मुलांसह एखादे पुस्तक वाचून जावे आणि परत आल्यावर एक पानभर तरी मराठीत लिहून ठेवावे. आणि एका सुट्टीत तरंगंबाडीस जावे, तेथून शंभरेक किलोमीटरवरील तंजावरास जावे, बृहदीश्वराच्या भिंतीपाशी मुलाला उभे करून कोरलेली ओळ मोठ्याने वाचायला सांगावे. दोनशे वर्षांपूर्वीचा मजकूर त्या मुलाच्या तोंडून उमटेल. साठ वर्षे या शाळेने जे दिले, त्याची याहून चांगली पावती दुसरी नाही.

हीरक महोत्सवास मनःपूर्वक शुभेच्छा.