ऋतूंचे अंगण : बालवाडीतील सण आणि शिक्षण



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर तीन ते सहा वर्षांच्या, अद्याप अक्षरओळखही न झालेल्या मुलांचा विषय घ्यावा, हे काहींना विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु बडोद्यासारख्या नगरात मराठी ग्रंथालयाचा पुढचा वाचक कोठून येणार, हा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत आज ना उद्या निघतोच, आणि त्याचे उत्तर वाचनकक्षात सापडत नाही. जे मूल मराठीतून वस्तू ओळखते, तेच पुढे मराठीतून पुस्तक मागते. वस्तू ओळखण्याचे वय हे बालवाडीचे वय होय, आणि त्या वयात वस्तूंचा सर्वांत मोठा साठा घेऊन येणारा पाहुणा म्हणजे ऋतू.

आजच्या अनेक शिशुवर्गांच्या भिंतीवर ऋतूंचा एक तक्ता टांगलेला असतो. त्यात चार चौकोन असतात. एकात फुले, एकात छत्री घेतलेला किंवा समुद्रकाठी बसलेला मुलगा, एकात तांबूस पाने गाळणारे झाड आणि चौथ्यात बर्फाचा माणूस. बडोद्यातील मुलाने बर्फाचा माणूस पाहिलेला नसतो, ही गोष्ट क्षम्य मानता येईल. न पाहिलेल्या गोष्टीही मुलांना आवडतात. खरी हानी तिसऱ्या चौकोनाने होते. तक्ता सांगतो की पाने पावसाळ्यानंतर गळतात. वर्गाच्या खिडकीबाहेरचा पिंपळ मात्र माघ-फाल्गुनात पाने गाळतो आणि लगोलग तांबूस, लवलवती पालवी घेऊन उभा राहतो, कडुनिंबाचेही तसेच. म्हणजे निरीक्षणाच्या पहिल्याच पाठात मुलाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये असे शिकवले जाते. छापील तक्ता खरा आणि अंगणातले झाड खोटे, हा संस्कार एकदा झाला की तो पुसायला पुढे फार वर्षे लागतात.

या प्रश्नाचा विचार आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, आणि तोही गुजराती व मराठी माणसांनी एकत्र बसून, शंभर वर्षांपूर्वी केलेला आहे. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 साली बालमंदिर सुरू केले. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावरून ताराबाई मोडक 1923 साली त्यांच्याकडे गेल्या, आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. दोघांनीही मारिया माँटेसरी यांची पद्धती आदराने स्वीकारली. पण जशीच्या तशी नव्हे. माँटेसरीबाईंना लहान वयात अद्भुत कथांचे वावडे होते. गिजुभाईंनी गोष्ट, गाणे, नाटक आणि लोकखेळ यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. मुलांना शिक्षा नको, तसे बक्षीसही नको आणि स्पर्धाही नको, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या शिशुवर्गातील वेशभूषा स्पर्धा पाहून 'मूछाळी मा' या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गृहस्थाला काय वाटले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

ताराबाईंनी पुढचे पाऊल टाकले. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी हे गाव गुजरातच्या सीमेला लागून, समुद्रकाठी आहे. गरीब वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. झाडाखाली मुले जमवायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग खेळ, गाणी, गोष्टी. परदेशी साधने परवडणारी नव्हती आणि त्यांची गरजही नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच मोजण्याचे, जुळवण्याचे आणि लावण्याचे साहित्य झाले. 1957 साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे अनुताई वाघ यांच्या साथीने वारली मुलांसाठी, गुरे चारता चारता शिकण्याची कुरणशाळाही चालली. केंद्र सरकारने 1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्यातील 'अंगणवाडी' हा शब्द याच प्रयोगातून देशभर गेला. एक साधा मराठी शब्द देशाच्या खेड्याखेड्यांत पोहोचला, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. फक्त त्या शब्दातील अंगण आपल्या शहरी बालवाडीतून नाहीसे झाले आहे, याचीही नोंद घ्यावी लागेल.

कारण बियांना आणि शंखांना ऋतू असतो. चिंचोके हवे तेव्हा मिळत नाहीत, पळसाची फुले जून महिन्यात मिळत नाहीत. ज्या वर्गाचे साहित्य अंगणातून येते, त्या वर्गाचे वेळापत्रक आपोआप ऋतूंचे होते. सण हा त्या वेळापत्रकातील ठळक दिवस. सणासाठी ऋतू नसतो, ऋतूसाठी सण असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे बालवाडीत सण कसा साजरा करावा या वादाचे अर्धे उत्तर मिळते. वर्गात सर्व धर्मांची मुले असतात. पूजाविधी घराचा, पण तिळाचा स्निग्धपणा, ओल्या मातीचा वास, निंबाची कडू पालवी आणि गूळ यांवर कोणा एका घराचा हक्क नाही. गुजरातेत उत्तरायणाचे पतंग बनवणाऱ्या कारागिरांत कितीतरी मुसलमान कुटुंबे आहेत, ही गोष्ट बडोदेकरांना सांगायला नको.

उत्तरायणाचाच दिवस घ्यावा. 14 जानेवारीच्या सुमारास बडोद्याचे आकाश पतंगांनी भरते, आणि मराठी घरात त्याच दिवशी तिळगूळ वाटला जातो. पतंग हा भूमितीचा पहिला धडा आहे. चौकोनी कागद, एक उभी काडी, एक वाकवलेली काडी. काडी मधोमध नसेल तर पतंग एका अंगाला कलतो, हे चार वर्षांच्या मुलाला फळ्यावर समजावता येत नाही, हातात दिले की कळते. काचेच्या मांजाला वर्गात अर्थातच जागा नाही. पक्ष्यांचे पाय आणि पंख त्याने कापले जातात, हेही मुलांना सांगितले पाहिजे, आणि मुले ते मोठ्यांपेक्षा लवकर ऐकतात.

याच आठवड्यात अंगणात एक काठी रोवावी. जानेवारीत भर दुपारी तिची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते. खडूने तिची खूण करावी आणि दर महिन्याला त्याच वेळी पुन्हा करावी. सावली आखडत जाते. बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे जूनच्या आरंभी आणि पुन्हा जुलैच्या पूर्वार्धात एकेका दिवशी मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो आणि काठीची सावली तिच्याच पायाशी मावते. जूनमध्ये शाळा बंद असते आणि जुलैत ढग असतात, तेव्हा तो दिवस हुकण्याचीच शक्यता अधिक; पण आखडत जाणाऱ्या खुणा मुलांनी पाहिलेल्या असतात. 'उत्तरायण' हा शब्द ज्याने असा पाहिला, त्याला तो पुढे पाठ करावा लागत नाही.

संक्रांतीचे बोरन्हाण पाच वर्षांच्या आतील मुलांचेच. बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, हलवा हे सारे मुलाच्या डोक्यावरून ओतायचे आणि बाकीच्यांनी वेचायचे. वेचून झाल्यावर जे घडते ते बालशिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचे. सगळे एकत्र झालेले असते आणि ते वेगळे करायचे असते. गोल कोणते, लांबट कोणते, हलके कोणते, कुरकुरीत कोणते? वर्गीकरणाची याहून सुंदर पेटी कोणत्याही दुकानात मिळत नाही. (तीन वर्षांच्या मुलाच्या हाती बोराची बी आणि शेंगदाणा गेला की तो तोंडातही जातो, तेव्हा शिक्षिकेची नजर मात्र हलता कामा नये.) हलव्याचा काटा थंडीतच चांगला फुलतो. मंद आचेवर परातीत तीळ घेऊन, थोडा थोडा पाक घालत, हाताने हलवत बसणाऱ्या आजी आता थोड्याच घरांत उरल्या आहेत. अशा एखाद्या आजींना बालवाडीत सन्मानाने बोलावून आणावे. साखरेला काटा फुटताना पाहणे हा मुलांच्या दृष्टीने चमत्कारच असतो, आणि 'काटा', 'पाक', 'परात', 'आच' हे शब्द त्या चमत्काराबरोबर येतात.

फाल्गुनात पळस फुलतो. गुजराती मूल त्याच्या फुलाला केसूडो म्हणते, हिंदी मूल टेसू म्हणते. फुले गरम पाण्यात रात्रभर ठेवली की केशरी रंग उतरतो. होळीचा रंग करण्याची ही गुजरातेतील जुनी रीत आहे. एका फुलाची तीन नावे ऐकून मूल गोंधळते, अशी भीती काही पालकांना वाटते. वस्तुतः फूल हातात असताना तीन नावांनी गोंधळ होत नाही, उलट आनंद होतो. गोंधळ होतो तो फूल नसताना.

आश्विनात तर बडोद्याच्या मराठी मुलाचे भाग्य काही विशेषच. नवरात्रात गुजराती अंगणात छिद्रांचा घट असतो, आत दिवा असतो आणि भोवती फेर धरला जातो. त्याच दिवसांत मराठी अंगणात पाटावर हत्ती काढला जातो आणि त्याच्याभोवती भोंडल्याचा फेर चालतो. सूर्य हस्त नक्षत्रात येतो तेव्हा परतीच्या पावसाची चाहूल असते. तोच हा हत्ती. दोन्हीकडे मध्यभागी एक वस्तू आणि भोवती वर्तुळ. मुलांना हे साम्य कोणी सांगावे लागत नाही. भोंडल्याची शिक्षणदृष्टी मात्र अद्याप पुरेशी ओळखली गेलेली नाही. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकाने वाढ. ही मोजणी अंगात मुरते. आणि मग खिरापत! झाकलेला डबा कानाशी हलवायचा, आवाज ऐकायचा, गोड की तिखट, ओले की कोरडे, असे विचारत विचारत ओळखायचे. प्रश्न विचारून अज्ञात वस्तूपर्यंत पोहोचणे, ही विचार करण्याची रीत पुढे विद्यापीठातही शिकवावी लागते. आपल्या आज्या-पणज्यांनी ती खाऊच्या डब्यात घालून ठेवली होती. मुलगे या खेळातून का वगळावेत, याला काही सबळ कारण दिसत नाही.

याच्या उलट चित्रही आहे आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आषाढी एकादशीला अनेक शिशुवर्गांत दिंडी निघते. सकाळी लवकर उठवून सजवलेली मुले, काजळाने काढलेल्या मिशा, डोळ्यांवर घसरणारे पागोटे, नऊवारीत अडखळणाऱ्या चिमुरड्या, आणि समोर मोबाइल उंचावलेल्या पालकांची रांग. वीस मिनिटांत छायाचित्रे होतात, मुले रडवेली होतात आणि पागोटी पिशवीत जातात. बाहेर पाऊस पडत असतो. त्यात कोणालाही पाठवले जात नाही. पेरणीच्या दिवसांत माणसे चालत का निघतात, टाळ कसा वाजतो, चिखलात पाऊल कसे रुतते, यातले काहीच मुलाच्या वाट्याला येत नाही. हा सण मुलांनी केलेला नसतो, मुलांकडून दाखवून घेतलेला असतो. शिक्षिकांना दोष देऊन भागणार नाही. पालकांची अपेक्षाच तशी असते, आणि पालकांत या सभागृहातील मंडळीही आली.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा हे वय शिक्षणाच्या रचनेत घेतले आणि खेळातून व मातृभाषेतून शिकण्याला मान्यता दिली. कागदावर हे गिजुभाई-ताराबाईंच्या विचारांचेच उत्तरायुष्य आहे. पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाची मातृभाषा शाळेच्या वाट्याला येईलच असे नाही. त्याची शाळा बहुधा इंग्रजी, त्याचे मित्र गुजराती, त्याचे चित्रपट हिंदी. घरात आई-वडील मराठी बोलतात. पण घरातले मराठी 'जेव', 'झोप', 'लवकर चल' यांभोवती फिरत राहते. करवे, घाटे, पालवी, खिरापत हे शब्द वस्तू समोर आल्याशिवाय उच्चारण्याचे प्रयोजनच उरत नाही, आणि प्रयोजन गेले की दोन पिढ्यांत शब्द जातो. अडीचशे वर्षांहून अधिक काळ या नगरात नांदलेली भाषा अशा रीतीने, कोणाशीही भांडण न होता, घरातून निघून जाऊ शकते.

ग्रंथालयाकडे एक वस्तू आहे जी बहुतेक शिशुवर्गांकडे उरलेली नाही. ती म्हणजे मागचे अंगण. सध्या तेथे जुन्या कपाटांची अडगळ आणि दुचाक्या असतात. ते मोकळे करून आठवड्यातून एक सकाळ या मुलांना द्यावी. पुस्तके त्यांच्या हाताशी असावीत. पण आधी वस्तू, मग चित्र, मग पुस्तक, हा क्रम मोडू नये. पहिला प्रसंग दिवाळीचा निवडावा, कारण गुजरातेतील शाळांना तेव्हा लांब सुट्टी असते आणि किल्ला कोणत्याही शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. माती, विटांचे तुकडे, गोणपाट आणि पाणी एवढे पुरे. मावळे मुलांनीच मातीचे करावेत, विकत आणू नयेत. गोणपाटावर अळीव, मोहरी आणि मेथी वेगवेगळ्या उतारांवर पेरावी, म्हणजे आधी कोण उगवते हे मुलांना रोज येऊन पाहता येईल. वसुबारसेला किल्ला हिरवा हवा असेल तर पेरणी चार-पाच दिवस आधी झाली पाहिजे, आणि पाणी झारीने घालावे. बादलीने घातले तर बुरूज वाहून जातो. एखादा बुरूज तसा वाहून गेला तरी चालेल.