अंगातलं बळ कुठून येतं?

(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



मी आरोग्यसेवक म्हणून पस्तीस वर्षे गावोगाव फिरलो. मी काही डॉक्टर नव्हे. पण ज्याच्या हातात औषधाची पेटी, तो खेड्यात डॉक्टरच. लोक वाटेत अडवायचे आणि एकच गोष्ट मागायचे. "डॉक्टर, अंगात ताकद राहिली नाही. एक बाटली लावा की."

बाटली म्हणजे सलाईन. त्या बाटलीत काय असते, ते आधी सांगतो. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. म्हणजे चमचाभरही नाही. बाकी सगळे पाणी. ग्लुकोजची बाटली असली, तर त्यात २५ ग्रॅम साखर. एक भाकरी खाल्ली तर त्याहून जास्त मिळते. जुलाबाने, उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल, तर हीच बाटली जीव वाचवते. तिथे तिला नावे ठेवू नका. पण नुसता अशक्तपणा बाटलीने जात नाही.

मग ताकद येते कुठून? हे मला पेटी हातात आल्यावरही पुष्कळ वर्षे नीट उमगले नव्हते. त्याची किंमत माझ्या आत्याने दिली. ती गोष्ट मी सहसा सांगत नाही. आज सांगतो.

१९९१ सालचा पावसाळा. आत्या सत्तर वर्षांची. काटक बाई. विहिरीवरून दोन घागरी आणायची. तिला ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला. नवव्या दिवशी ती बाजेवरून उठायला गेली आणि मटकन खाली बसली.

"अरे, डोळ्यांपुढं अंधारी आली," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आत्या, उठू नकोस. अंगात रक्त नाही तुझ्या. आधी ताकद येऊ दे."

झाले. आम्ही तिला बाजेवरच सगळे द्यायला लागलो. चहा तिथे, जेवण तिथे. माझी बायको तिचे केसही तिथेच विंचरायची. चार दिवसांनी आत्या पुन्हा उठली. पुन्हा घेरी आली. पुन्हा आम्ही तिला निजवले. ती एकच मागायची. "मला तुळशीपर्यंत जाऊ दे." अंगणात तुळस होती. बाजेपासून बारा पावले. मी नाही म्हणायचो. मला वाटे, मी तिची सेवा करतो आहे.

महिन्याभरात तिच्या पोटऱ्या काठीसारख्या झाल्या. दोन महिन्यांनी पाठीला जखमा झाल्या. पुढे छातीत कफ साठला. पाचव्या महिन्यात ती गेली. तापाने नाही गेली. ताप तर आठ दिवसांत उतरला होता.

आता ती घेरी कशाची होती, ते सांगतो. म्हणजे तुमच्या घरी असे होणार नाही.

आपण बोलताना सगळ्यालाच नस म्हणतो, नाहीतर शीर म्हणतो. मनगटावर हिरवी दिसते ती शीर. पोटरीत गोळा आला, तर शिरेवर शीर चढली. कंबरेत उसण भरली, तरी शीरच धरली. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मनगटावर हिरवी दिसते ती रक्ताची नळी. दुसरी गोष्ट आहे ती मज्जातंतू. तो पांढुरक्या दोऱ्यासारखा असतो. त्यातून रक्त वाहत नाही. निरोप वाहतो. मेंदूकडून अंगाकडे आणि अंगाकडून मेंदूकडे. कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकेक तंतू तीन फुटांहून लांब असतो. जाडी मात्र केसाहून कितीतरी कमी. असे हजारो तंतू एकत्र बांधले की नस होते. मांडी घालून फार वेळ बसलात की पायाला मुंग्या येतात ना? ती नस दबल्याची खूण.

हे निरोप किती चपळ! अनवाणी चालताना काटा टोचतो. पाय आधी उचलला जातो, "आई गं" मागाहून निघते. पाय उचलायचा हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटतो. मेंदूला कळेपर्यंत पाय वर आलेला असतो.

असेच एक काम उभे राहताना होते. आपण निजलेलो असतो तेव्हा रक्त सगळ्या अंगात सारखे पसरलेले असते. उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त खाली पायांकडे आणि पोटाकडे ओढले जाते. मानेतल्या मोठ्या रक्तनळीत मज्जातंतूंची टोके आहेत. ती पहारा देतात. रक्ताचा दाब कमी झाला की लगेच वर वर्दी देतात. मेंदू हुकूम सोडतो. पायांच्या रक्तनळ्या आवळा! हृदय जोरात चालवा! काही क्षणांत दाब सावरतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण माणूस दिवसच्या दिवस निजून राहिला, तर हा पहारा ढिला पडतो. रक्तातले पाणीही कमी होते. मग तो एकदम उभा राहिला, की मेंदूला रक्त कमी पडते आणि अंधारी येते. आत्याची घेरी अशी होती. ताप जाऊन ती बरी झाली होती. घेरी बाजेने आणली होती. आणि आम्ही घेरीवर औषध म्हणून तिला आणखी बाज दिली.

आता पोटऱ्यांचे ऐका. तुमच्यापैकी कोणाचा हात मोडून प्लास्टर घातले असेल. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढले की आतला हात बारीक झालेला दिसतो. का बरे? खायला मिळाले नाही म्हणून? दुसरा हात त्याच ताटातले जेवला. तो तर तसाच आहे! म्हणजे नुसत्या जेवणाने स्नायू टिकत नाही. जेवण हवेच. डाळ, दूध, अंडे, मटकी, जे परवडेल ते हवे. पण स्नायूला रोज कामाचा निरोपही हवा. स्नायूत हजारो धागे असतात. पोटरीत एकेक मज्जातंतू हजाराच्या वर धाग्यांना हलवतो. निरोप येईनासे झाले की धागे बारीक होत जातात.

यात एक चांगली गोष्ट आहे. प्लास्टर काढल्यावर माणूस हात हलवू लागतो. दोन आठवड्यांत मूठ घट्ट होते. हात तर अजून बारीकच दिसतो. मग जोर कुठून आला? तो मज्जातंतूंकडून आला. पूर्वी ते थोड्याच धाग्यांना हाक मारत होते, आता पुष्कळांना एकदम मारतात. मांस मागाहून भरते. म्हणून म्हणतो, आजाऱ्याच्या मांड्या बारीक दिसल्या म्हणून धीर सोडू नका. बळ दिसण्याच्या आधी येते.

तुम्ही म्हणाल, आत्या म्हातारी होती. तर तरुणांचे सांगतो. अमेरिकेत डॅलस नावाचे शहर आहे. तिथे १९६६ साली पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर निजवून ठेवले. सगळे वीस वर्षांचे. खायला-प्यायला व्यवस्थित. तीन आठवड्यांनी त्यांना पळायला लावून मोजले, तर त्यांचा दम पाव हिश्श्याहून जास्त घटला होता. मग आठ आठवडे व्यायाम करवला. दम परत आला. खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे. पोट सुटलेले. पुन्हा मोजले. तीस वर्षांत त्यांचा दम जेवढा घटला होता, त्याहून जास्त तो तेव्हाच्या तीन आठवड्यांत घटला होता! पुढे सहा महिने त्यांनी हळूहळू वाढवत चालणे, पळणे, सायकल असे केले. पहिल्यांदा निजण्याआधी जेवढा दम होता, तेवढा परत मिळाला. पन्नासाव्या वर्षी!

मी हे वाचले तेव्हा आत्याला जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता एक बाई मघापासून हसताहेत. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळते. "आम्ही दिवसभर वाकून लावणी करतो, आम्हाला कसला व्यायाम शिकवता?" खरे आहे, बाई. तुम्हाला विसावा हवा. हे भाषण तुमच्यासाठी नाही. पण तुमच्या घरात कोणी आजारातून उठलेले असेल, त्याच्यासाठी आहे. दिवसभर बसून राबणाऱ्यांसाठी आहे. सोलापुराकडे बाया सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. बोटांना क्षणाची उसंत नाही, पण पाय दुमडलेलेच. शिवणकाम करणारा, दुकानात बसणारा, रिक्षा चालवणारा, यांचेही तेच. लंडन शहरात बसगाडीचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना झाली होती. ती १९५३ साली छापून आली. गाडी दुमजली. ड्रायव्हर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. हृदयाचा आजार कंडक्टरांना कमी होता. गाडी तीच, रस्ता तोच.

आणि हे भाषण सासवांसाठी आहे. सून सासूला पाणीही भरू देत नाही. का? तर लोक म्हणतील, सून म्हातारीला राबवते. सुनांनो, सासूबाईंच्या हातची कामे सगळी काढून घेऊ नका. शेंगा निवडू दे, परसात जाऊ दे, नातवाला शाळेपर्यंत सोडू दे.

आजारी माणसाला उठवायचे कसे, ते नीट ऐका. एकदम उभे करायचे नाही. आधी निजल्या निजल्या पावले वर-खाली हलवू द्या, वीस वेळा. पोटरी हलली की रक्त वर ढकलले जाते. मग बाजेच्या कडेला पाय सोडून बसवा. दोन मिनिटे बसू द्या. घेरी आली तर पुन्हा निजवा आणि तासाभराने पुन्हा बसवा. घेरी गेली की धरून उभे करा. दुसऱ्या दिवशी दोन पावले, तिसऱ्या दिवशी चार. चालता येऊ लागले की ओट्यावरून हात न टेकता उठायचे आणि बसायचे, पाच वेळा. पुढे भिंतीशी उभे राहून एका पायावर तोल धरायचा. तोल हाही मज्जातंतूंचाच खेळ आहे. म्हातारपणी पडून खुबा मोडतो, तो पुष्कळदा तोल गेल्यामुळे. धडधाकट माणसाने आठवड्याला दीडशे मिनिटे तरी भरभर चालावे. म्हणजे पाच दिवस, अर्धा-अर्धा तास.

मात्र हाड मोडले असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, एकाच पायाला सूज असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही करू नका. घेरी रोजच येत राहिली, तरी दाखवा. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तोंड एकाएकी वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो अशक्तपणा नव्हे. मेंदूचे रक्त अडले आहे, किंवा तिथे रक्तस्राव झाला आहे. तेल चोळत बसू नका. देवऋषीकडे नेऊ नका. १०८ नंबर फिरवा आणि त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे तासातासाने फरक पडतो.

राहता राहिली काठी. पुष्कळांना काठी धरायची लाज वाटते. पण काठी हातात आली की माणूस घराबाहेर पडतो. म्हणून बिनदिक्कत घ्या. फक्त ती मापाची हवी. सरळ उभे राहून हात खाली सोडायचा. मनगटाची घडी जिथे येते, तिथे मूठ यायला हवी. आणि दुखरा पाय डावा असेल तर काठी उजव्या हातात. बहुतेक जण उलटी धरतात. ते आपले सदूकाका दाराशी बसलेत, तेही उलटीच धरतात. काका, जरा उठा बरं. या हातात घ्या. आता चाला इथपर्यंत.