वाढणाऱ्यांचं पान

पंगतीचा स्वयंपाक हाती घेणारा आचारी यजमानाला आधी एकच विचारतो, पानं किती? यजमान ‘असतील दीडशे-दोनशे’ असं मोघम म्हणाला, की वरणात पाणी वाढतं नाहीतर जिलबी उरते. देशालाही पानं मोजावी लागतात, आणि 2011 नंतर ती मोजलेलीच नाहीत. 2021 ची जनगणना करोनामुळे हुकली. आता नव्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस ठरला आहे आणि त्याआधी फेब्रुवारीत प्रगणक आपल्या दाराशी येतील. मोजलं नाही म्हणून कुणाचं अडलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी रेशनचा हिशेब पाहावा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गावातल्या 75 टक्के आणि शहरातल्या 50 टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्याची मर्यादा घातली. हे टक्के लावले 2011 च्या लोकसंख्येला आणि त्यातून सुमारे 81 कोटींचा आकडा निघाला. त्या जनगणनेच्या वेळी पाळण्यात असलेलं मूल दहावी ओलांडायला आलं, आचाऱ्याच्या हातातली चिठ्ठी मात्र तीच आहे.

पण मला आज बोलायचंय ते पंगतीत न बसलेल्यांबद्दल. पानं मोजताना वाढणाऱ्या बायका धरायच्या राहून जातात आणि शेवटी त्या बसतात तेव्हा भाजीचा नुसता रस्सा उरलेला असतो. जनगणनेतही हेच होतं. प्रगणक ओसरीवर बसून विचारतो, ‘ह्या काय काम करतात?’ आणि घरचा पुरुष सांगून मोकळा होतो, ‘काही नाही, घरीच असते.’ त्याच वेळी ती डोक्यावरचा वैरणीचा भारा गोठ्यात उतरवत असते. ‘घरीच असते’ म्हटलं की कागदावर ती काम न करणारी ठरते. 2011 मध्ये देशातल्या पुरुषांपैकी 53 टक्क्यांहून अधिक जण काम करणारे म्हणून नोंदले गेले, बायका मात्र साधारण 25.5 टक्के. कापसाची वेचणी, कांद्याची लागण, भाताची लावणी ही कामं कुणाच्या हातची आहेत हे ज्याला माहीत आहे, त्यानं या आकड्यावर मान डोलवू नये. कुणी म्हणेल, घरच्या शेतात राबायचे पैसे थोडेच मिळतात! नसेनात. 1991 पासून प्रश्नातच स्पष्ट लिहिलं होतं, की शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेलं कामही धरायचं. सहा महिने किंवा जास्त केलं तर मुख्य काम करणारे, कमी केलं तर सीमांतिक. स्वयंपाक-धुणं त्यात धरत नाहीत, हे खरं, आणि त्यावर भांडायलाच हवं, पण ते भांडण निराळं. नियम जे काम मानतो, ते तरी आपल्याच तोंडानं खोडू नका. म्हणून सांगतो, ‘काही नाही’ हे उत्तर देऊ नका. शक्य असेल तर तिला स्वतःलाच सांगू द्या.

काहींना भीती वाटते, की सांगितलेलं कराच्या नाहीतर कोर्टाच्या कचेरीत जाईल. 1948 च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानं ती वाट बंद केली आहे. या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणून चालत नाहीत. प्रगणकानं त्या फोडल्या तर शिक्षा त्यालाच होते. त्याच कायद्यात एक गमतीची सवलतही आहे. रूढीनं जिला नवऱ्याचं नाव घेणं निषिद्ध आहे, तिच्यावर ते सांगायची सक्ती नाही. (उखाणा घेतलाच तर प्रगणकाची हरकत नसावी.) दुसरा आक्षेप असा, की आधार आहे, मतदार यादी आहे, मग हा खटाटोप कशाला? मतदार यादीत अठराच्या आतली पोरं नसतात. आणि माणूस कुठून इथं आला, काय करतो, शिकला किती, घरात कोणती भाषा बोलतो, हे आधार कार्ड सांगत नाही. मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून जास्त आहेत, हे आपल्याला 2011 च्या जनगणनेनंच सांगितलं.

तिसरा आक्षेप, माझ्या एकट्याच्या घरानं काय बिघडतं? 2011 नंतर झालेल्या पडताळणीत हजारी 23 माणसं सुटल्याचं आढळलं. देशाच्या मानानं ही पावणेतीन कोटींच्या घरातली माणसं, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ चौथाईइतकी. घरटी एकेक गळत ती गळाली. बारसं झालं नाही म्हणून बाळ सांगायचं राहिलं, नोकरीसाठी नुकताच खोली घेऊन राहिलेला पोरगा दोन्हीकडे राहून गेला. पान कमी मांडलं, दुसरं काय.

ऊसतोडीवर गेलेल्यांचा मुद्दा राहतोय. फेब्रुवारीत गाळप चालू असतं, बीड आणि अहिल्यानगरकडची कुटुंबं फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत असतात. 2011 चा नियम असा, की मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरापासून दूर होता, तो जिथं सापडला तिथं मोजला गेला. म्हणजे प्रगणक त्या कोपीपर्यंत पोचला तर. आणि तिथंही पुन्हा कोयता हातात घेतलेली बाई, नवरा-बायकोच्या जोडीतली अर्धी... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय.